मातला नदीकांठचें बंदर

कलकत्त्याहून दक्षिणेकडे जाणारी आगगाडी सुमारें पंचेचाळीस किलोमीटरांवर कॅनिंग या स्थानकापाशीं थांबते. सुंदरबनाकडे जाणारा प्रवासी येथें उतरतो व पुढच्या मार्गास लागतो. ज्या गांवांतून तो जातो, तें एके काळीं कलकत्त्याच्या बंदराचा भार हलका करणार होतें, हें त्याच्या स्वप्नींही येत नाहीं. सरकार आणि व्यापारी यांनीं मिळून तें उभारलें. आणि त्यास कोणतें भय आहे, हेंही सरकार व व्यापारी यांच्याच संयुक्त श्रमांतून आधीं कळून चुकलें होतें. ज्ञान हातीं असतांही तें वांयां कसें गेलें, ही कथा म्हणूनच ऐकण्यासारखी आहे.

या कथेचा नायक हेन्री पिडिंग्टन. व्यापारी जहाजांवर कप्तानी केल्यावर हा इंग्रज गृहस्थ कलकत्त्यास स्थायिक झाला. पुढें जहाजांच्या अपघातांची चौकशी करणाऱ्या सागरी न्यायासनाचें अध्यक्षपद त्याजकडे आलें. सन १८३८ मध्यें विल्यम रीड यांचा वादळांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. मोठें वादळ सरळ रेषेंत वाहत नसून एका केंद्राभोंवतीं भोंवऱ्याप्रमाणें फिरतें, हा त्यांतील सिद्धान्त. तो बंगालच्या उपसागरास लागू पडतो कीं नाहीं, हें ठरविण्याचें काम पिडिंग्टननें अंगावर घेतलें.

पण भर समुद्रांत वेधशाळा कोठून आणावी? तेथें फिरतात तीं जहाजें, आणि तीं बहुतेक खासगी मालकीचीं. प्रत्येक कप्तान आपल्या नोंदवहींत वाऱ्याची दिशा, वायुभारमापकांतील पाऱ्याची उंची व जहाजाचें स्थान लिहून ठेवीत असे. एकट्या जहाजाची वही म्हणजे एका आंधळ्यानें चांचपलेला हत्ती होय. परंतु एकाच दिवशीं निरनिराळ्या ठिकाणीं असलेल्या दहावीस जहाजांच्या वह्या एकत्र केल्या आणि त्यांतील वारे नकाशावर मांडले, म्हणजे वादळाचें वर्तुळ डोळ्यांपुढें उभें राहतें. पिडिंग्टननें हेंच केलें. सन १८३९ च्या जून महिन्यांतील वादळापासून प्रारंभ करून त्यानें एकामागून एक असे निबंध बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत छापले. कप्तानांच्या वह्या, सरकारी अधिकाऱ्यांचीं टिपणें आणि एका विद्वत्संस्थेचीं पानें या तिहींच्या आधारानें वादळांचें शास्त्र आकारास आलें.

मॉरिशसनजीक सन १८४५ मध्यें ‘चार्लस हेडल’ नांवाचें एक व्यापारी जहाज वादळांत सांपडलें आणि वाऱ्यापुढें धांवत धांवत त्याच केंद्राभोंवतीं पुनःपुन्हां प्रदक्षिणा घालीत राहिलें. त्याची वही तपासतांना पिडिंग्टनला सिद्धान्ताचा जणूं साक्षीदारच लाभला. सर्पाच्या वेटोळ्याची आठवण करून देणाऱ्या ग्रीक शब्दावरून त्यानें अशा वादळास ‘सायक्लोन’ हें नांव सुचविलें, आणि सन १८४८ मध्यें खलाशांसाठीं लिहिलेल्या आपल्या पुस्तकांत तें रूढ केलें. आज जगभर उच्चारला जाणारा हा शब्द कलकत्त्यास जन्मला. त्या पुस्तकासोबत शिंगाच्या पारदर्शक चकत्या असत, त्यांवर वाऱ्याचे बाण कोरलेले. चकती नकाशावर ठेवली कीं केंद्र कोणत्या दिशेस आहे, हें कप्तानास कळे. विषुववृत्ताच्या उत्तरेस वाऱ्याकडे तोंड करून उभें राहिल्यास केंद्र साधारणतः उजव्या हातास असतें, एवढें सूत्र ध्यानीं धरूनही जहाज वांचवितां येई. कप्तानांनीं वह्या दिल्या, त्यांच्या मोबदल्यांत त्यांस प्राणरक्षणाची विद्या मिळाली. हा सौदा दोन्ही पक्षांस लाभाचाच ठरला.

याच सुमारास हुगळी नदी गाळानें भरत चालल्याची भीति कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांस वाटूं लागली. त्यांच्या मंडळानें सन १८५३ मध्यें सरकारकडे गाऱ्हाणें नेलें, आणि पूर्वेकडील मातला नदीवर दुसरें बंदर बांधण्याचा विचार पुढें आला. मातला खोल होती, समुद्रास जवळ होती. पण त्याच कारणानें ती वादळाच्या लाटेस उघडीही होती. पिडिंग्टननें त्याच वर्षीं गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांस अनावृत पत्र लिहिलें. वादळाबरोबर समुद्राचें पाणी भिंतीसारखें आंत चढतें, आणि असा दिवस उगवेल कीं त्या जागेवरील माणसें व इमारती पाण्याखालीं जातील, असा इशारा त्यानें दिला. हें कांहीं ज्योतिषाचें भाकित नव्हतें. शेंकडों नोंदवह्या चाळून काढलेला तो हिशेब होता.

हिशेब कोणीं मनावर घेतला नाहीं. पिडिंग्टन सन १८५८ मध्यें वारला. पुढें नदीकांठीं धक्के झाले, लोहमार्ग आला, आणि लॉर्ड कॅनिंग यांचें नांव बंदरास देण्यांत आलें. सन १८६५ मध्यें एक मोठी खासगी कंपनी निघाली. त्या वेळीं मुंबईस कापसाच्या पैशानें भागांच्या सट्ट्याचें वेड शिगेस पोंचलें होतें. तेथील पैसाही या बंगाली चिखलांतील बंदराकडे धांवला. नवल हें कीं, त्यापूर्वीं थोडेच महिने, ५ ऑक्टोबर १८६४ रोजीं, भयंकर चक्रीवादळानें कलकत्त्यास गांठलें होतें. हुगळीच्या कांठीं सुमारें पन्नास ते साठ हजार माणसें प्राणांस मुकलीं आणि बंदरांतील जहाजांपैकीं फारच थोडीं धड राहिलीं. एवढा धडा समोर असतांही भागांची विक्री थांबली नाहीं. अखेर सन १८६७ च्या नोव्हेंबरच्या आरंभीं मातलेवर वादळ आलें. लाट फारशी उंच नव्हती, तरी बंदराची दुर्दशा होण्यास ती पुरली. त्यानंतर थोड्याच वर्षांत बंदराचा कारभार आवरता घेण्यांत आला.

मग पिडिंग्टनचे श्रम व्यर्थ गेले काय? तसें म्हणतां येणार नाहीं. सन १८६४ च्या आघातानंतर सरकार जागें झालें. त्या वादळाचा तपास पुन्हां जहाजांच्या वह्यांवरूनच झाला. कलकत्त्याच्या बंदरास वादळाचा इशारा देण्याची व्यवस्था सन १८६५ मध्यें सुरू झाली. आणि सन १८७५ मध्यें हेन्री ब्लॅनफोर्ड यांच्या हाताखालीं भारतीय हवामानखातें स्थापन झालें. एका माणसाच्या चिकाटीवर चाललेलें काम आतां राज्याचें कर्तव्य ठरलें. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेसारख्या जुन्या संस्थांच्या नोंदी व दूरदूरच्या ठाण्यांहून येणाऱ्या तारा आतां एका सूत्रांत गुंफल्या जाऊं लागल्या.

आज आकाशांत उपग्रह फिरतात. तरीही व्यापारी जहाजांवरील अधिकारी स्वेच्छेनें हवेच्या नोंदी पाठवितात, आणि प्रवासी विमानांकडूनही वरच्या हवेचें मोजमाप मिळतें. सन १९९९ च्या ऑक्टोबरांत ओडिशाच्या वादळानें सुमारें दहा हजार बळी घेतले. सन २०१९ मध्यें त्याच किनाऱ्यावर ‘फनी’ वादळ आलें, तेव्हां दहा लाखांहून अधिक लोकांस आधींच हलविलें गेलें आणि प्राणहानि शंभराच्या आंत राहिली. हा फरक केवळ यंत्रांनीं घडविला नाहीं. इशारा ऐकून हालचाल करणाऱ्या हातांनीं तो घडविला.

कॅनिंगची कथा हेंच शिकविते. सरकार व व्यापार यांनीं ज्ञान मिळविण्यासाठीं हातांत हात घातला, तेव्हां खलाशांचे प्राण वांचले. त्याच दोघांनीं नफ्यासाठीं हातमिळवणी केली आणि ज्ञानाकडे पाठ फिरविली, तेव्हां बंदर बुडालें. सहकार्य दोन्ही वेळां होतें. विवेक मात्र एकाच वेळीं होता. मातला आज गाळानें उथळ झाली आहे, आणि जें बंदर कलकत्त्याची जागा घेणार होतें, त्याचें नांव एका रेल्वे स्थानकाच्या पाटीवर उरलें आहे.