अँथनी वाइल्डिंग : काचेच्या पट्टीवर उरलेला विजेता

पांढरी लांब विजार, पांढरा सदरा आणि हाती लाकडी रॅकेट अशा वेशातील अँथनी वाइल्डिंग यांची छायाचित्रे आज शंभराहून अधिक वर्षांची झाली आहेत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९४८ मध्ये विकत घेतलेल्या बेन वृत्तसंस्थेच्या संग्रहात त्या काळातील खेळाडूंच्या काचेच्या निगेटिव्ह जपून ठेवलेल्या आहेत. वाइल्डिंग यांची प्रतिमाही त्यात आढळते.

वाइल्डिंग यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८८३ रोजी न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे झाला. वडील वकील, तर आई पियानोवादक होती. केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले; मात्र नाव झाले ते टेनिसमध्ये. १९१० ते १९१३ अशी सलग चार वर्षे त्यांनी विम्बल्डनचे एकेरी विजेतेपद पटकावले. त्या काळी गतविजेत्याला थेट अंतिम लढतच खेळावी लागे. पुढे सलग चार विजेतेपदांची कामगिरी थेट १९७९ मध्ये बियाँ बोर्ग यांनी केली. वाइल्डिंग यांनी दुहेरीतही चार वेळा विम्बल्डन जिंकले आणि १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले.

१९१४ च्या उन्हाळ्यात विम्बल्डनचा मुकुट त्यांनी नॉर्मन ब्रुक्स यांच्याकडे गमावला. त्यानंतर हे दोघे ऑस्ट्रेलेशिया संघातून डेव्हिस चषकासाठी अमेरिकेत गेले. पिट्सबर्ग येथे त्यांनी जर्मनीला हरवले, त्याच सुमारास युरोपात युद्धाचा भडका उडाला. पराभूत जर्मन खेळाडू ओट्टो फ्रॉइट्झहाइम आणि ऑस्कर क्रॉयट्सर हे मायदेशी परतताना ब्रिटिशांच्या कैदेत पडले. ऑगस्टमध्ये अमेरिकेला नमवून ऑस्ट्रेलेशियाने चषक जिंकला आणि वाइल्डिंग सैन्यात दाखल झाले.

मोटारींची मूळचीच आवड असल्याने त्यांची नेमणूक चिलखती मोटारींच्या दलात झाली. रॉयल मरीन्समध्ये ते कॅप्टन झाले. ९ मे १९१५ रोजी ऑबर्स रिजच्या लढाईत, फ्रान्समधील नव्ह शापेलजवळ, त्यांच्या खंदकातील आश्रयस्थानावर तोफगोळा पडला. त्यात ते ठार झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे ३१ वर्षांचे होते. त्यांची समाधी रिशबूर परिसरातील लष्करी दफनभूमीत आहे.

ही भूमी भारतीयांना परकी नाही. मार्च १९१५ मध्ये याच नव्ह शापेलच्या लढाईत भारतीय सैन्याने मोठी प्राणहानी सोसली आणि ९ मे रोजीही मीरत डिव्हिजनने हल्ला चढवला. तेथे १९२७ मध्ये उभारलेल्या स्मारकावर, ज्यांना स्वतंत्र समाधी लाभली नाही अशा चार हजार सातशेहून अधिक भारतीय सैनिकांची नावे कोरलेली आहेत. त्याच्यालगत, रिशबूर येथे, पोर्तुगीज सैनिकांची दफनभूमी असून तीत १,८३१ समाध्या आहेत. ९ एप्रिल १९१८ च्या लढाईत पोर्तुगीज तुकड्यांचे याच टापूत अतोनात नुकसान झाले. त्या काळी गोव्यावर पोर्तुगालचीच सत्ता होती.

वाइल्डिंग यांचे नाव १९७८ मध्ये आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये समाविष्ट झाले आणि क्राइस्टचर्चचे वाइल्डिंग पार्कही त्यांच्या कुटुंबाची आठवण देते. विजेता म्हणून त्यांचा चेहरा काचेवर टिकून राहिला. त्याच मातीत पडलेल्या बहुसंख्य शिपायांचे मात्र दगडावरचे नाव तेवढेच उरले आहे.