मायना आणि मन

मराठी पत्रव्यवहाराच्या जुन्या परंपरेत मायन्याला, म्हणजे ज्याला पत्र लिहायचे त्याचे वय, नाते, पद आणि प्रतिष्ठा पाहून पत्राच्या आरंभी योजायच्या ठरावीक शब्दांना, मजकुराच्या बरोबरीचे महत्त्व होते. यादवांचा मंत्री हेमाडपंत याच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या मेस्तकांत, म्हणजे लेखनाचे दंडक सांगणाऱ्या टिपणांत, कोणाला कसे लिहावे याचा विचार आढळतो आणि शिवकाळापासून पेशवाईपर्यंत बोरूने मोडी लिहिणाऱ्या चिटणिसांच्या हाती हा रिवाज पक्का झालेला दिसतो. वडिलांना ‘तीर्थरूप’, धाकट्याला ‘चिरंजीव’, बरोबरीच्या गृहस्थाला ‘राजमान्य राजश्री’ असे लिहून, थोरांना साष्टांग नमस्कार व लहानांना अनेक आशीर्वाद सांगून, इकडचे कुशल कळवून आणि तिकडचे विचारूनच लेखक ‘विशेष’ या शब्दाने मूळ विषयाकडे वळे, आणि ‘बहुत काय लिहिणे’ म्हणून पत्र संपवी.

वि. का. राजवाडे यांनी 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केल्यापासून अशी असंख्य पत्रे छापली गेली. राजकारणाच्या शोधात असलेला वाचक त्यांतील मायने सहसा ओलांडून पुढे जातो आणि साच्यातल्या शब्दांत भावना नसते असे मानतो. हा समज बरोबर नाही. साचा सर्वांना पाठ असल्यामुळेच त्यात झालेला लहानसा बदलही वाचणाऱ्याच्या तत्काळ ध्यानात येई, आणि प्रेम, रोष किंवा दुरावा वेगळा बोलून दाखविण्याची गरज उरत नसे. नेहमीचे एखादे बिरुद गाळलेले दिसले की पुढे काय वाढून ठेवले आहे याचा अंदाज मजकुरापूर्वीच येई.

याचे सर्वांत तीव्र रूप मृत्यूच्या पत्रात दिसे. एरवी कागदाच्या माथ्यावर ‘श्री’ असे. अशुभ वार्तेच्या पत्रावर ते लिहीत नसत, आणि असे पत्र वाचून झाल्यावर घरात न ठेवता फाडून टाकण्याची रीत होती. माथा कोरा दिसला की अक्षरओळख बेताची असलेल्या माणसाच्याही काळजात धस्स होई. मजकुरातही मरणाचा उघड उच्चार टाळून ‘देवाज्ञा झाली’, ‘कैलासवास झाला’ असे लिहीत. त्यामुळे दुःख कमी होत नसले तरी पूर्वी अनेकांनी सोसलेल्या दुःखाच्या पंगतीत ते जाऊन बसे, हे या रूढ शब्दांचे खरे सामर्थ्य होते.

मात्र याच रिवाजाची एक क्रूर बाजू होती आणि तिच्याकडे डोळेझाक करता येत नाही. ‘अखंड सौभाग्यवती, वज्रचुडेमंडित’ अशा मायन्याने जिला पत्रे येत, तिला पतीच्या निधनानंतर त्याच आप्तांकडून ‘गंगाभागीरथी’ या मायन्याने पत्रे येऊ लागत. शब्द वरकरणी पवित्र असला तरी पुढे आयुष्यभर येणारे प्रत्येक पत्र, मग ते बारशाचे असो की मुंजीचे, तिला पहिल्या ओळीतच तिच्या वैधव्याची आठवण करून देई. पुरुषाच्या मायन्यात विधुरपणाची अशी कोणतीही खूण नव्हती.

1879 मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले आणि जागा अपुरी पडू लागली, तेव्हा मायना नाहीसा न होता आखडला: ‘ती.’, ‘चि.’, ‘सौ.’, ‘गं. भा.’ आणि ‘सा. न. वि. वि.’, म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. मुंबईच्या गिरण्यांत राबणारा कोकणातला वा घाटावरचा चाकरमानी आणि गावी राहिलेली त्याची बायको यांपैकी अनेकांना लिहिता येत नसे. कार्ड तिसऱ्याकडून लिहून घ्यायचे, पलीकडे ते चौथ्याने वाचून दाखवायचे, अशा चारचौघांच्या व्यवहारात मनातले उघड सांगणे अशक्यच होते. तेथे ‘प्रकृतीस जपावे’ आणि ‘पत्राचे उत्तर लवकर पाठवावे’ एवढ्या दोन रूढ वाक्यांवरच ओढ, काळजी आणि तक्रार यांचा सारा भार पडे, आणि ऐकणाऱ्याला त्यांतले आपल्या वाट्याचे नेमके कळत असे.