दवाखान्याचा व्हिडिओ : कशासाठी बघायचा आणि कशासाठी नाही

सरकारी निकष असा आहे की सपाटीच्या भागात ३० हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावं. तिथं डॉक्टर दोन, कधी कधी एकच. बाजाराच्या दिवशी ओपीडीची रांग पार गेटपर्यंत जाते. अशा गर्दीत डॉक्टर गोळ्या लिहून देतील, पण ओआरएस कसं कालवायचं ते करून दाखवायला त्यांना वेळ कुठून मिळणार? मग घरी अख्खी पुडी अर्ध्या ग्लासात पडते, मीठ-साखर जास्त होते, पोराचे जुलाब वाढतात आणि दुसऱ्या दिवशी परत दवाखाना. एक रोज बुडतो, गाडीभाडं जातं आणि रांगेत आणखी एक माणूस वाढतो.

हे हेलपाटे कमी करायचं एक साधन आपल्या खिशातच आहे, मोबाईलवरचा व्हिडिओ. त्याचा हिशोब सोपा आहे. घरी आपल्याच हाताने, पुन्हा पुन्हा करायचं काम असेल तर व्हिडिओ कामाचा. आजार कोणता आणि औषध कोणतं, हे ठरवायला व्हिडिओ नाही.

अंगावर पाजणं

हे कोणाला शिकवावं लागतं का, असं घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात. पण लागतं. बाळाने नुसतं बोंड तोंडात धरलं तर दूध नीट ओढलं जात नाही, आईला चिरा पडतात, बाळ रडत राहतं. मग 'हिला दूधच येत नाही' असं ठरवून डब्याची पावडर सुरू होते, बाळाचं वजन वाढत नाही आणि शेवटी जिल्हा रुग्णालय गाठावं लागतं. बऱ्याच वेळा दूध कमी नसतंच, पकड चुकलेली असते.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात डॉ. रूपल दलाल यांच्या पुढाकाराने यावर व्हिडिओ तयार झाले आहेत. ते मराठीतही आहेत आणि फुकट बघता येतात. डाव्या बाजूला पाजायचं असेल तर बाळ उजव्या हातावर घ्यायचं, त्याची मान-डोकं कानामागून आधार देऊन धरायचं, डाव्या हाताने स्तन खालून धरायचा आणि बाळाने तोंड मोठं उघडलं की मगच जवळ घ्यायचं. पकड बरोबर असेल तर हनुवटी स्तनाला टेकते, खालचा ओठ बाहेर वळलेला दिसतो आणि आईला दुखत नाही. हे वाचून समजायला अवघड आहे. दोनदा बघितलं की हात आपोआप तसा वळतो. पहिल्यांदा मात्र आशाताई किंवा सिस्टरसमोर करून दाखवावं.

इन्सुलिन : इथे जपून

इन्सुलिन कसं टोचायचं याचे व्हिडिओ ढिगाने सापडतात. त्यातले पुष्कळसे परदेशातले असतात आणि तिथं १०० युनिटची सिरिंज दाखवतात. आपल्याकडे ४० युनिटच्या बाटल्या सर्रास मिळतात, १०० च्याही मिळतात. ४० च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज आणि १०० च्या बाटलीला केशरी टोपणाची. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये ओढलं तर डोस अडीच पट जातो, साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. उलटं केलं तर डोस निम्म्याहूनही कमी पडतो. म्हणून आधी बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवायचा, टोचायची पद्धत त्यानंतर बघायची. बाटली आणि सिरिंज नर्सला दाखवून पहिला डोस तिच्यासमोर भरला तर उत्तम.

ओआरएसचंही तसंच. मोठी पुडी एक लिटर पाण्याला, पण २०० मिलीच्या छोट्या पुड्याही मिळतात, म्हणून पुडीवर लिहिलेलं वाचायचं. कालवलेलं पाणी २४ तासांनंतर फेकून द्यायचं. लहान मुलाला सोबत झिंकची गोळी दिली असेल तर जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण करायची. दम्याच्या पंपाचं तंत्रही बघूनच येतं. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, ओढताना दाबायचा आणि दहा सेकंद श्वास धरायचा.

वॉर्डातच दाखवलं तर

नोरा हेल्थ या संस्थेचा 'केअर कंपॅनियन' नावाचा कार्यक्रम महाराष्ट्रासह काही राज्यांतल्या सरकारी दवाखान्यांत चालतो. पेशंट वॉर्डात असतानाच नर्स नातेवाइकांना एकत्र बसवते, व्हिडिओ दाखवते, जखमेची किंवा बाळाची काळजी कशी घ्यायची ते करून घेते. मला यात पटतं ते हे की व्हिडिओ नर्सची जागा घेत नाही, तिचं रोजचं तेच तेच बोलणं वाचवतो. उरलेला वेळ प्रश्नांना मिळतो. आपल्या दवाखान्यात असं काही नसलं तरी डिस्चार्जच्या वेळी विचारायला काय हरकत आहे? 'सिस्टर, ड्रेसिंग करताना आमच्या मोबाईलवर शूटिंग घेऊ का?' त्यांनी परवानगी दिली तर आपल्याच माणसाच्या जखमेचा व्हिडिओ घरी मिळतो. फक्त तो ग्रुपवर टाकायचा नाही.

डॉक्टरशीच बोलायचं असेल तर ई-संजीवनी आहे. आरोग्य उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यामार्फत व्हिडिओवर डॉक्टरचा सल्ला मिळतो, पैसे पडत नाहीत. बीपी-शुगरच्या जुन्या पेशंटला याने तालुक्याची एखादी चक्कर वाचते. जुने कागद सोबत न्यावेत. रेंज गेली तर वाट बघावी लागते, ती तयारी ठेवावी.

जिथं मोबाईल खिशात ठेवायचा

साप चावला की व्हिडिओ शोधत बसू नका. कातडीवर चिरा मारायचा, तोंडाने विष ओढायचं, दोरीने आवळायचं, असले व्हिडिओ अजून फिरतात. यातलं काहीच करायचं नाही. साप विषारी होता का, हे फोटोवरून ठरवत बसायचं नाही. मण्यार रात्री झोपेत चावते, तेव्हा कधी खूणही दिसत नाही आणि दुखतही नाही. चावलेला हात-पाय हलवू द्यायचा नाही, १०८ ला फोन लावायचा आणि प्रतिविष असलेला दवाखाना गाठायचा. छातीत कळ, तोंड वाकडं होणं, हात-पाय एकदम लुळा पडणं, बाळंतिणीचं रक्त न थांबणं, बाळाला धाप लागणं किंवा त्याने अंगावर पिणं सोडणं, या सगळ्याला हाच नियम.

गरोदर बाई आणि लहान बाळाच्या गाडीसाठी १०२, नुसता सल्ला विचारायला १०४. हे तीन नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आत्ताच सेव्ह करून ठेवा, बटणाच्या मोबाईलमध्येसुद्धा.