गावचे दप्तर

मंडळी, गावाचा इतिहास म्हटला की आपण गढी, वाडा, वीरगळ शोधू लागतो. आज जरा निराळे विचारू. गावचे दप्तर कोणाच्या हाती होते? त्यासाठी कोल्हापूरच्या पूर्वेचे, पुणे-बंगळूर रस्त्यालगतचे उचगाव डोळ्यांसमोर धरा. आपल्या गावालाही यातले पुष्कळसे लागू पडेल.

संस्थानी अमलात गावगाडा वतनावर चाले. पाटील वसूल गोळा करी, कुलकर्णी तो मोडीत लिहून ठेवी, आणि वतन बापाकडून मुलाकडे जाई. आपल्या नावावर किती येणे मांडले आहे, हे बहुतेक रयतेला वाचताच येत नसे. मग दाद मागायची कशी?

हे वर्म राजर्षी शाहू छत्रपतींनी ओळखले. त्यांनी राज्यकारभार हाती घेतला तो १८९४ साली. योगायोग पाहा, त्याच साली इंग्लंडात कायदा होऊन तिथल्या खेड्यांना निवडून दिलेल्या ग्रामपरिषदा मिळाल्या. तोवर तिथेही जमीनदार आणि पाद्री यांचाच शब्द चाले. महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि १९१८ मध्ये कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमले. अक्षर आणि दप्तर, दोन्ही वंशाच्या हातून सुटू लागली.

१ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. पुढे १९५८ चा ग्रामपंचायत कायदा आला, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा सुरू झाल्या. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतीला घटनेचा आधार दिला, आणि २०११ मध्ये महाराष्ट्रात निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखल्या गेल्या.

आता उचगावच्या वेशीला शहर भिडले आहे. शेजारी निर्वासित सिंधी बांधवांनी वसवलेली गांधीनगरची पेठ आहे. १९७२ मध्ये कोल्हापूरला महापालिका झाली, आणि पुढे हद्दवाढीच्या चर्चेत उचगावचेही नाव येत राहिले. शहरात गेल्यास रस्ते, गटारे सुधारतील, असे काही म्हणतात. करवाढ होईल, अशी इतरांना धास्ती. पण एक गोष्ट नक्की जाईल, ती म्हणजे ग्रामसभा, जिथे साधा मतदार उभा राहून घरपट्टीचा हिशेब विचारू शकतो.

या सभेला एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी कमी असेल तेवढी माणसे लागतात. तेवढीही जमत नसतील, तर दप्तर उघडे असून उपयोग काय? गुरुजी, पंचायतीचे अंदाजपत्रक एकदा फळ्यावर मांडा. पोरे घरी जाऊन विचारतील, आणि थोरांना सभेला जावेच लागेल.