तेल इथलं, सुगंध तिथला

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीसाठी सुगंधी तेल घरी करायचं म्हटलं तर आपण काय करतो? तिळाचं नाहीतर खोबऱ्याचं तेल आणतो, त्यात अत्तराचे चार थेंब टाकतो, बाटली हलवतो. झालं! आमच्या धंद्यात याला पॅच मारणं म्हणतात. जुन्या काळचे लोक हेच काम दुसऱ्या टोकाकडून सुरू करायचे. तेल निघण्याच्या आधीच ते तिळाला वास पाजायचे. चांपेल, मोगरेल, फुलेल हे शब्द आता कुणाच्या तोंडी नाहीत, पण ती अशा तेलांची नावं होती.

आता थोडं मागे, चांगलं दोन हजार वर्षं मागे जाऊ, आणि सुरुवात डहाणूपासून करू. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. आपण कुठल्या नद्यांवर फुकट होड्यांची सोय केली याची त्यात यादी आहे: इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका. दाहनुका म्हणजे आपल्या डहाणूची नदी. (लोकल चुकली की डहाणूला ताटकळणाऱ्यांनी उषवदाताची आठवण काढायला हरकत नाही.)

साधारण त्याच काळातलं, पहिल्या शतकातलं, एका ग्रीक व्यापाऱ्याचं टिपण आहे, 'एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस'. त्यातला 'मॅम्बानोस' राजा म्हणजे नहपानच, असं बरेच इतिहासकार मानतात. या मुलखात गहू, तांदूळ, तूप, कापूस आणि तिळाचं तेल पिकतं, असं तो लिहितो. हे तिळाचं तेल जहाजांतून थेट आफ्रिकेच्या शिंगापर्यंत, म्हणजे आजच्या सोमालियाच्या किनाऱ्यावर जायचं. भडोच बंदरातून जटामांसी, कोष्ठ, गुग्गुळ बाहेर जायचे. हा सगळा सुगंधी तेलाचाच कच्चा माल.

आणि भडोचला काय यायचं? राजासाठी चांदीची भांडी, गाणारी मुलं, उंची मद्य आणि... उत्तमोत्तम सुगंधी लेपनं! म्हणजे तेल आपलं, मुळ्या आपल्या, आणि तयार माल परदेशातून. हे वाचलं तेव्हा मी दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत बसलो. निर्यातीचं हे गणित फारच ओळखीचं निघालं.

तयार माल करता येत नव्हता म्हणावं, तर पुढचे पुरावे तसं म्हणू देत नाहीत. सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त 'गंधयुक्ती' नावाचा अख्खा अध्याय लिहिला. त्यात चाफ्याच्या वासाचं तेल आहे, आणि गंमत म्हणजे त्यात चाफा नाही! मंजिष्ठ, व्याघ्रनख, शुक्ती, दालचिनीची साल, कोष्ठ आणि बोळ यांचं चूर्ण तिळाच्या तेलात घालायचं आणि उन्हात तापवायचं. व्याघ्रनख म्हणजे बऱ्याच अभ्यासकांच्या मते समुद्री गोगलगायीच्या शंखाचं झाकण. फूल हाताशी नसताना फुलाचा वास उभा करायचा, हे आजच्या परफ्यूमवाल्यांचंच काम.

याच अध्यायात आमच्या जातकुळीचा एक भाग आहे. सोळा द्रव्यांतून चार निवडायची तर किती प्रकारे? वराहमिहिर सांगतो १८२०. कॅल्क्युलेटर घ्या आणि तपासा, बरोबर आहे. पुढे प्रत्येक चौकडीत द्रव्यांचं प्रमाण बदलून तो १८२० ला ९६ ने गुणतो आणि १,७४,७२० सुगंध काढतो. एक, दोन, तीन, चार भाग चार द्रव्यांना वाटायचे तर आपल्या हिशोबाने २४ च प्रकार होतात. ९६ कुठून आले यावर विद्वानांनी पुष्कळ खल केलाय. असो, तो विषय एखाद्या वेगळ्या शनिवारचा.

तिळाला वास पाजण्याची पद्धत १२ व्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त येते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा हा ग्रंथ, साधारण ११२९ चा. त्यातल्या स्नानाच्या प्रकरणात राजाच्या अंगाला चोळायचं तेल येतं, ते केवडा, पुन्नाग, चाफा अशा फुलांनी वासवलेल्या तिळांचं. हे राजाचं तेल, हे विसरू नका. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर अंगाला लागायचं ते मोहाच्या बियांचं तेल, थंडीत थिजणारं. दिव्यालाही तेच, कालवणालाही तेच.

पण ही विद्या फक्त राजवाड्यात राहिली असंही नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे (१८९१-१९६१) यांनी १९४० च्या दशकात गंगाधराच्या 'गंधसारा'कडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. त्याच्या जोडीला 'गंधवाद' नावाचा ग्रंथ आहे, लेखक अज्ञात, आणि त्यावर चक्क मराठी टीका! संस्कृत न येणाऱ्या कुणाला तरी हे समजावून सांगायची गरज पडली होती, याचा यापेक्षा चांगला पुरावा कोणता? दोन्ही ग्रंथ १९८९ मध्ये बडोद्याहून छापून आले. मराठीतल्या सुगंधाच्या पुस्तकाला छापखाना दिसायला इतकी वर्षं लागली, आणि अजूनही ते किती मराठी माणसांना ठाऊक आहे?

आता यामागचं शास्त्र. मोगऱ्याची कळी तोडल्यावरही कित्येक तास वास सोडत राहते. वासाचे रेणू पाण्यापेक्षा स्निग्धात चांगले विरघळतात, आणि तिळाचं जवळजवळ निम्मं वजन तेलाचंच. म्हणून तीळ तो वास झेलत राहतो. फ्रान्समधल्या ग्रासला तिळाऐवजी चरबीवर फुलं पसरायचे, तत्त्व तेच. मुळ्या-साली उन्हात तापवलेल्या चालतात, मोगऱ्याचा नाजूक वास मात्र उष्णतेत बिघडतो.

डहाणूच्या आतल्या बाजूला, विक्रमगड-जव्हारकडे, आदिवासी शेतकरी मोगरा लावतात. कळ्या पहाटे खुडून दादरच्या बाजारात जातात. आणि गावातल्या दुकानात काय मिळतं? मोगऱ्याचं चित्र असलेली बाटली, जिच्यात बऱ्याचदा लिक्विड पॅराफिन आणि कारखान्यातला वास असतो. लेबल उलटून वाचा. माझ्या मते 'मॅम्बानोस'च्या भडोचचा हिशोब अजून मिटलेला नाही. कळीच्या जागीच तेल निघालं तर तो निदान थोडा तरी फिरेल.

घरी करून बघायचं असेल तर पाच किलो सोललेले, कोरडे तीळ घ्या. संध्याकाळी उमलायला लागलेल्या कळ्यांचा थर, वर तिळाचा थर, पुन्हा कळ्या. वरून कापड झाका. सकाळी फुलं चाळून काढा, एकही पाकळी राहू देऊ नका, कारण ओल राहिली की बुरशी येते आणि तेल खवट होतं. तीळ सावलीत पसरा. रात्री नवी फुलं. निदान आठवडाभर हे चालू द्या, मग जवळच्या लाकडी घाण्यावर न्या. साधारण दोन किलो तेल निघेल. पेंड टाकू नका, तिलाही वास असतो. ती वाळवून, कुटून उटण्यात घाला.