डिकीतला पंख

गेले तीन महिने माझा शनिवार रात्रीचा कार्यक्रम ठरलेला होता. जेवणं उरकली, घरचे झोपले, की लॅपटॉप उघडायचा आणि १९९४ च्या ब्रिटिश टूरिंग कार चॅम्पियनशिपची एक शर्यत बघायची. फार तर दोन. बीबीसीची जुनी रेकॉर्डिंग्ज, चित्र जरा मळलेलं, आणि वर मरे वॉकरची कॉमेंट्री. साधं ओव्हरटेक झालं तरी हा माणूस वर्ल्ड कप जिंकल्यासारखा ओरडतो! एकूण २१ शर्यती. निकाल आधी शोधायचा नाही असं मी स्वतःलाच बजावलं होतं. जमेल तितकं पाळलं.

टूरिंग कार म्हणजे काय, तर शोरूममध्ये मिळते तीच फॅमिली गाडी. आतून सगळं सोलून काढलेलं, इंजिन भन्नाट, पण बाहेरून बघणाऱ्याला ओळखू आली पाहिजे. बाबा ज्या गाडीतून ऑफिसला जातात ती गाडी रविवारी दुसऱ्याच्या बाबांच्या गाडीला कोपऱ्यावर ढकलताना दिसते. यातच सगळी मजा आहे. फॉर्म्युला वनची गाडी कुणाच्या पार्किंगमध्ये नसते.

ही स्पर्धा १९५८ पासूनची, आणि नियमांची डोकेदुखी पण तेव्हापासूनचीच. पहिल्याच वर्षी जॅक सीअर्स आणि टॉमी सॉपविथ यांचे पॉइंट सारखे झाले. दोघांचे क्लास वेगळे, गाड्या वेगळ्या, मग ठरवायचं कसं? नाणं उडवायचा विचार दोघांनाही पटला नाही. शेवटी दोन रायली गाड्या आणल्या. पाच लॅप पळवायच्या, मग गाड्या अदलाबदल करून पुन्हा पाच लॅप, आणि वेळेची बेरीज. सीअर्स १.६ सेकंदांनी जिंकला. इतकं स्वच्छ टेस्टिंग मी अजून एकाही प्रोजेक्टवर बघितलेलं नाही.

पुढची तीस वर्षं वेगवेगळ्या क्लासचा गोंधळ चालू राहिला. १९९१ पासून मात्र सगळ्यांना एकच फूटपट्टी लागली: दोन लिटरचं इंजिन, ८५०० आरपीएमची मर्यादा. नियम सुटसुटीत झाले आणि कंपन्यांची रांग लागली. १९९४ मध्ये तर दहा कंपन्या होत्या: फोर्ड, व्हॉक्सहॉल, रेनॉ, बीएमडब्ल्यू, टोयोटा, निस्सान, पर्जो, माझदा... आणि दोन नवे पाहुणे. मला सांगायचंय ते या दोघांबद्दल.

पहिला पाहुणा व्होल्वो. त्यांनी शर्यतीत आणली ८५० इस्टेट. इस्टेट म्हणजे मागे सामान ठेवायला लांबलचक टप असलेली, कुत्रा, सायकली आणि आजीबाईंसकट सहलीला जायची गाडी. लोकांना वाटलं थट्टा आहे. व्होल्वोने पण ती थट्टा हसत अंगावर घेतली. एका परेड लॅपला मागच्या काचेतून एक भलामोठा खोटा कुत्रा बघत होता. पण गाडी बांधणारा टॉम वॉकिन्शॉ थट्टा करणाऱ्यातला नव्हता. लांब टपामुळे हवा मागपर्यंत नीट वाहते हा त्याच्या लोकांचा हिशोब होता. रिकार्ड रिडेल आणि यान लामर्स चालवायला. वर्षभरात सगळ्यात चांगला नंबर आला पाचवा. पण त्या रात्रींमध्ये मी सगळ्यात जास्त वाट बघायचो ती या गाडीची. कोपऱ्यावर दोन चाकं कर्बवर चढवून उडणारी इस्टेट एकदा बघाच.

दुसरा पाहुणा अल्फा रोमिओ. १९८६ पासून अल्फा म्हणजे फियाटचीच कंपनी. हो, आपल्या मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीच्या मूळ घराण्यातली! गाडीचं मॉडेल १५५, ड्रायव्हर गाब्रिएले तारक्विनी. याची कुंडली बघितली तर वाईट वाटतं. फॉर्म्युला वनमध्ये ७८ वेळा नाव नोंदवलं, त्यातल्या ४० वेळा शर्यतीला उभं राहायलाच मिळालं नाही, कारण टीम रडकी आणि गाडी मागे. इतक्या वेळा दारातून परत गेलेला दुसरा ड्रायव्हर त्या खेळात नाही. हा माणूस इंग्लंडमध्ये आला आणि सीझनच्या पहिल्या पाचही शर्यती जिंकला. पाचही! तिसऱ्या शनिवारी मला कंटाळा यायला लागला होता, खरं सांगतो.

मग कळलं की कंटाळा फक्त मला आलेला नव्हता.

भानगड अशी. गाडीचा बाह्य आकार शोरूमच्या गाडीसारखाच हवा हा नियम. पण स्पेशल मॉडेल चालेल, त्याच्या २५०० गाड्या बनवल्या की झालं. अल्फाने तशा २५०० बनवल्या आणि नाव काय ठेवलं, तर 'सिल्व्हरस्टोन'. म्हणजे हेतू लपवायचा प्रयत्न पण नाही. या गाडीला पुढे बंपरखाली स्प्लिटर, तो पुढे सरकवता येतो. मागे डिकीवर पंख, तो उंच करता येतो. पण गिऱ्हाइकाला गाडी मिळायची तेव्हा पंख उंच करायचे ते तुकडे लावलेले नसायचे. ते असायचे डिकीत. हौस असेल तर घरी लावा!

शर्यतीच्या गाडीवर अर्थातच स्प्लिटर पुढे आणि पंख वर. वाऱ्याने गाडी रस्त्यावर दाबली जाते, टायरला पकड जास्त, कोपऱ्यात वेग जास्त. बाकीच्यांकडे यातलं काहीच नाही. त्यांनी तक्रार केली की दुकानात गाडी अशी दिसत नाही. अल्फाचं म्हणणं, सुटे भाग गाडीबरोबर विकलेत, कागद बघा.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे वाक्य ओळखीचं वाटलं असेल. स्पेक डॉक्युमेंटमधल्या एका शब्दावरून तीन तास चाललेल्या मीटिंगा मी बघितल्यात. 'सपोर्ट करेल' म्हणजे चालू असेल, की चालू करता येईल? डिकीतला पंख हा गाडीचा भाग आहे का? बटन दिलंय पण डिफॉल्ट बंद आहे, मग फीचर दिलं की नाही?

मे महिन्यात आउल्टन पार्कला प्रकरण फुटलं. स्प्लिटर आत घ्या असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. अल्फाने गाड्या उचलल्या आणि शर्यत न खेळता निघून गेले. ज्यांनी तिकीट काढून पोरांना लाल गाड्या दाखवायला आणलं असेल त्यांना काय वाटलं असेल! त्या शनिवारी ग्रिडवर अल्फाची जागा रिकामी बघून मला आधी बरं वाटलं, आणि दहा मिनिटांत शर्यत अळणी वाटायला लागली. ज्याला हरवायचं तोच नाही.

मग अपील, बैठका, तडजोड. अल्फा परत आली, आधीच्या विजयांचे पॉइंट शाबूत राहिले, आणि यानंतर मात्र खरा सीझन सुरू झाला. रेनॉ लागुनातला अलँ मेन्यू आणि मॉन्डेओतला पॉल रॅडिसिच आता जिंकायला लागले. नॉकहिलला तारक्विनीची गाडी अशी काही पलट्या खात गेली की पोटात गोळा आला. (सुखरूप निघाला.) सीझन संपला तेव्हा तारक्विनी २९८, मेन्यू २२२, रॅडिसिच २०६. ७६ पॉइंटचा फरक. पहिल्या पाच विजयांचे, एकाचे २४ याप्रमाणे, १२० होतात. हे गणित मी रात्री दीड वाजता एक्सेलमध्ये मांडलं, आणि मग लक्षात आलं की त्याने काही सिद्ध होत नाही. पंख नसता तर तो त्या पाचातल्या किती हरला असता, हे कुठल्या सेलमध्ये लिहिणार?

माझं मत सांगून टाकतो. अल्फाने लबाडी केली नाही. नियम छापील होता, सगळ्यांच्या टेबलावर होता, २५०० गाड्या बनवायचा खर्च करायची हिंमत बाकीच्यांनी केली नाही. पण डिकीत तुकडे टाकून 'लावा घरी' म्हणणाऱ्याने नियमाचा आत्मा आपल्याला कळलाच नाही असा आव आणू नये. दोन्ही एकदम खरं असू शकतं. तारक्विनी मात्र अस्सल. पुढे २००९ मध्ये तो टूरिंग कारचा जगज्जेता झाला, आणि २०१८ मध्ये वयाच्या ५६ व्या वर्षी ह्युंदाईमधून वर्ल्ड कप जिंकला. तिथे डिकीत काही नव्हतं.

आणि अल्फा? १९९५ मध्ये पंख सगळ्यांनाच मिळाले. त्या वर्षी अल्फाला एकही शर्यत जिंकता आली नाही. सीझन संपायच्या आधीच त्यांनी गाशा गुंडाळला.

पण या भांडणात खरा बळी गेला तो भांडणात नसलेल्याचा. १९९५ च्या नियमात पंख सगळ्यांना दिला, पण अट घातली की तो टपाच्या वर जाता कामा नये. सलून गाडीला काहीच अडचण नाही, टप संपतं आणि खाली डिकीवर मोकळी जागा असते. इस्टेटचं टप शेवटपर्यंत जातं. पंख लावायचा कुठे? ज्या लांब टपाच्या जोरावर ती गाडी निवडली होती, तेच आता आडवं आलं.

व्होल्वोने १९९५ ला सलून आणली. जास्त वेगवान होती. मी त्या सीझनची पहिली शर्यत मागच्या शनिवारी लावली. ग्रिडवरून कॅमेरा फिरला, आणि मी सवयीने मागच्या रांगेत ते लांब टप शोधत बसलो.