चारापिके व उष्णमान

वैरणीसाठी घेतल्या जाणाऱ्या पिकांत धान्य नव्हे, तर पाला व खोड हेच उत्पन्न असल्यामुळे, उष्णमानातील चढउतार बियाच्या अंकुरणापासून अखेरच्या कापणीपर्यंत चाऱ्याच्या वजनात व सकसपणात उतरत जातात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः महाराष्ट्राच्या पठारी मुलखाचा विचार केला आहे.

उगवण हवेपेक्षा मातीच्या ज्या थरात बी पडते त्या थराच्या उष्णमानावर अवलंबून असते. ज्वारी व मका ही उष्ण प्रदेशांतील पिके सुमारे १० अंश सें.च्या खाली जवळजवळ उगवत नाहीत आणि ३० अंशांच्या आसपास जोमाने उगवतात. म्हणूनच भर थंडीत पेरलेले कडवळ (चाऱ्याची ज्वारी) विरळ व रेंगाळत वर येते, आणि उन्हाळी कडवळ थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारीत पेरण्याचा प्रघात आहे. लसूणघास व बरसीम यांना २० ते २५ अंश मानवत असल्याने त्यांची पेर ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. लसूणघासाचे बी इतके बारीक, की एक-दीड सेंटिमीटरहून खोल पडल्यास कोंबाला माती फोडून येववत नाही. आणि हाच वरचा थर उन्हाने सर्वांआधी तापून वाळत असल्यामुळे अवेळी केलेल्या पेरणीत मूळ खाली उतरण्यापूर्वीच कोंब करपतो.

पुढील वाढीत मुळांची ठेवण निर्णायक ठरते. खोल सोटमुळाचा लसूणघास बागायतीत उन्हाळा काढून तीन-चार वर्षे टिकतो. पाणी साचणाऱ्या जमिनीतला पावसाळा मात्र त्याची मुळे कुजवितो. उथळ मुळांची बरसीम वैशाखापर्यंत संपते. संकरित नेपिअर गवत उष्म्यात झपाट्याने वाढते, थंडीत मंदावते.

उष्णतेने वाढ लवकर होते, तशीच खोडे लवकर निबर होऊन प्रथिनांचे प्रमाण घटते. तेव्हा केवळ उंचीवरून चाऱ्याची प्रत ठरविणे चुकीचे होय. पावसाने ओढ दिली असता सुकलेल्या कोवळ्या ज्वारीत हायड्रोसायनिक आम्ल निर्माण करणारे द्रव्य वाढते, व असे पोंगे खाल्लेल्या जनावरास ‘किराळ’ (ही विषबाधा) लागून ते थोड्याच वेळात दगावू शकते. जिरायत भागात ओढीनंतरच्या पहिल्या सरीने फुटलेले धुमारे याच कारणाने विशेष घातक असतात. हिरवी ज्वारी फुलोऱ्यावर आल्यावरच कापावी, आणि कापलेली ताटे नीट वाळवून केलेल्या कडब्यात हा धोका फारसा उरत नाही.